अर्ध्या तासाची मोजणी : वीजबिलातली ‘मागणी’ कशी ठरते आणि कोकणातल्या हंगामी धंद्यांना ती का जड जाते

मे महिन्यात हापूसचा पल्प काढणारा कॅनिंगचा कारखाना दिवसरात्र चालतो आणि मृग लागला की त्याला कुलूप लागतं. मिरकरवाडा, हर्णे, देवगड, वेंगुर्ले या बंदरांच्या आसपासचे बर्फ कारखाने होड्यांच्या जिवावर चालतात. जून-जुलैत मासेमारी बंद, म्हणजे बर्फाच्या लाद्यांना गिऱ्हाईक नाही. तरी जुलैचं वीजबिल हातात पडतं तेव्हा युनिट जेमतेम काहीशे आणि ‘मागणी आकार’ मात्र भरगच्च. ‘मशीनच बंद होतं, मग मागणी कसली?’ हा उपविभाग कार्यालयात दरवर्षी विचारला जाणारा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मीटरमध्ये आहे, त्याहून जास्त ते मीटरभोवतीच्या नियमांत आहे.

युनिट आणि मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी पक्कं करू. महिन्याला ३००० युनिट वापरणारे दोन ग्राहक घ्या. एक जण १० किलोवॅटचा भार ३०० तास चालवतो, दुसरा १०० किलोवॅटचा भार फक्त ३० तास. युनिट सारखेच. पण पहिल्याला २५ केव्हीएचं रोहित्र पुरतं (केव्हीए हे रोहित्राची क्षमता आणि ग्राहकाची मागणी मोजण्याचं एकक), दुसऱ्यासाठी २०० केव्हीएचं बसवावं लागतं, तार जाड लागते, उपकेंद्रात जागा राखून ठेवावी लागते. महिन्याचे उरलेले ६९० तास ती सगळी यंत्रणा त्याच्यासाठी रिकामी उभी असते. दोघांना युनिटमागे एकच दर लावला तर दुसऱ्याच्या रोहित्राचा खर्च पहिला भरतो. म्हणून बिलाचे दोन भाग करायचे, एक वापरलेल्या विजेचा आणि दुसरा राखून ठेवलेल्या क्षमतेचा, ही कल्पना इंग्लंडमध्ये जॉन हॉपकिन्सन या अभियंत्याने १८९२ मध्ये मांडली. आपल्याकडे वीज कायदा २००३ च्या कलम ४५ मध्ये पुरवलेल्या विजेच्या आकाराबरोबर स्थिर आकार घेण्याची तरतूद आहे. कलम ६२(३) सांगतं की आयोगाने कोणत्याही ग्राहकाला अवाजवी झुकतं माप देऊ नये. फरक करायचाच तर तो भार घटक (कमाल मागणीच्या तुलनेत सरासरी वापर), पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी आलेला हिस्सा), दाब, एकूण वापर, वापराची वेळ, भौगोलिक स्थान, पुरवठ्याचं स्वरूप आणि वापराचा हेतू यांवरूनच करावा. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र वीज नियामक आयोग करतो.

तत्त्व सरळ आहे. अडचण सुरू होते ती मोजणीपासून, कारण ‘कमाल मागणी’ ही तराजूत टाकून तोलता येणारी वस्तू नाही. किती वेळाची सरासरी काढायची, कोणत्या तासांत, कोणत्या एककात, आणि एकदा निघालेला आकडा किती महिने मानेवर ठेवायचा, हे सगळं कुणीतरी ठरवलेलं असतं. त्यातल्या प्रत्येक निर्णयाने बिल बदलतं.

अर्धा तास म्हणजे नेमका कोणता?

आयोगाच्या व्याख्येनुसार कमाल मागणी म्हणजे त्या मुदतीतल्या कोणत्याही सलग तीस मिनिटांच्या गटात घेतलेल्या सर्वाधिक केडब्ल्यूएच (म्हणजे नेहमीचे युनिट) किंवा केव्हीएएच (म्हणजे केव्हीएच्या हिशेबाने मोजलेले युनिट) यांची दुप्पट. मीटर घड्याळाप्रमाणे दिवसाचे ४८ तुकडे पाडतो. ६ ते ६:३०, ६:३० ते ७ असे. प्रत्येक तुकड्यात किती केव्हीएएच गेले ते मोजतो आणि त्याला दोनने गुणतो. महिन्याच्या साधारण १४४० तुकड्यांतला सर्वांत मोठा आकडा तारीख-वेळेसह लक्षात ठेवतो, आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेला रात्री बारा वाजता पुन्हा शून्यावर येतो.

आता एक अर्धा तास जवळून पाहू. कारखान्याचा भार एरवी ६० केव्हीए आहे. सकाळी ६:१५ ते ६:४५ एवढाच वेळ तो १६० केव्हीएवर जातो. घड्याळी तुकड्यांत पहिल्या अर्ध्या तासात पंधरा मिनिटं ६० आणि पंधरा मिनिटं १६०, सरासरी ११०. दुसऱ्या अर्ध्या तासातही तसंच, ११०. बिलात मागणी ११० लागते. हाच भार ६:०० ते ६:३० चालला असता तर मागणी १६० लागली असती. मीटर पंधरा मिनिटांच्या सरासरीवर लावला असता तर ६:१५ ते ६:३० या तुकड्यात १६० सापडले असते. सरकत्या खिडकीच्या पद्धतीतही १६०, कारण तिथे गट घड्याळाच्या काट्याला बांधलेला नसून दर काही मिनिटांनी पुढे सरकतो. कारखाना तोच, यंत्रं तीच, वीज तितकीच, आणि आकड्यात ५० केव्हीएचा फरक. म्हणून गटाची लांबी आणि पद्धत वीज कंपनीच्या मर्जीवर सोडता येत नाही. ती विनियमात लिहिलेली असावी लागते आणि मीटर त्याप्रमाणेच लावलेला आहे ना हे तपासता यावं लागतं.

याच व्याख्येने एक जुनी भीतीही निघून जाते. मोटर सुरू होताना सहापट करंट ओढते, म्हणून मागणी वाढते, असं बरेच जण धरून चालतात. ७५ किलोवॅटची मोटर पूर्ण भाराला साधारण ९० केव्हीए घेते. डायरेक्ट सुरू केली तर दहा सेकंद ५४० केव्हीए. जादा ४५० केव्हीए, पण १८०० सेकंदांपैकी फक्त दहा सेकंद, म्हणजे सरासरीत भर अडीच केव्हीएची. तो झटका केबलला, फ्यूजला, शेजाऱ्याच्या दिव्यांना त्रास देतो आणि त्यासाठी स्टार-डेल्टा किंवा सॉफ्ट स्टार्टर हवाच. पण बिलातली मागणी वाढते ती दोन मोटरी अर्धा तास एकत्र चालल्याने.

कोकणात दोन मोटरी एकत्र चालण्याचं नेहमीचं कारण मालकाच्या हातातलं नसतं. पावसाळी वाऱ्यात झाड तारेवर पडतं, लाइट पाच-सहा तास जाते. बर्फ कारखान्याच्या टाकीतलं मिठाचं पाणी उणे दहाच्या आसपास असायचं ते तोवर वर चढतं. एरवी दोन कॉम्प्रेसर आलटून पालटून चालतात. वीज आल्यावर दोन्ही एकदम सुरू होतात आणि दोन-तीन तास थांबत नाहीत. महिन्याची कमाल मागणी त्या सकाळी किंवा त्या संध्याकाळी ठरते. जून २०२० च्या निसर्ग आणि मे २०२१ च्या तौक्ते वादळाने किनाऱ्यावरचे खांब आडवे केले. अशा पुरवठाबंदीनंतरची पहिली काही तासांची मागणी ग्राहकाच्या खऱ्या गरजेचं माप मानणं आम्हाला योग्य वाटत नाही. मीटरमध्ये वीज गेल्याची आणि आल्याची वेळ नोंदलेली असते, तेव्हा तो गट ओळखून वेगळा काढणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. नियम होईपर्यंत उपाय साधा आहे. दुसऱ्या कॉम्प्रेसरला टायमर किंवा मागणी नियंत्रक लावा आणि वीज आल्यावर तो तास-दीड तास मागे ठेवा. बर्फ थोडा उशिरा गोठेल, पण वर्षभराची मागणी त्या एका दिवसावर ठरणार नाही.

किलोवॅट नव्हे, केव्हीए

मागणी केव्हीएमध्ये मोजतात, कारण रोहित्र आणि तारा करंटने तापतात, त्या करंटचं काम किती झालं याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. २०० किलोवॅटचं काम ०.८२ पॉवर फॅक्टरवर केलं तर मागणी २४४ केव्हीए लागते. तेच ०.९८ वर २०४. चाळीस केव्हीएचा फरक निव्वळ पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटरचा. महाराष्ट्रात उच्चदाब (११ केव्ही किंवा त्यावरच्या दाबाने वीज घेणाऱ्या) ग्राहकांचे युनिटही १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचमध्ये मोजले जातात, त्यामुळे खराब पॉवर फॅक्टर दोन्हीकडून मारतो.

कपॅसिटर पॅनेलमध्ये दिसतो म्हणजे काम करतो असं नाही. खाऱ्या वाऱ्याने कॉन्टॅक्टरचे टोक गंजतात, आतले घटक एकेक करून मरतात, बाहेरून डबा शाबूत. क्लॅम्प मीटरने दर तीन महिन्यांनी प्रत्येक फेजचा करंट पाहा. २५ केव्हीएआरच्या (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक) कपॅसिटरने ४१५ व्होल्टला साधारण ३५ अँपिअर घ्यायला हवेत. २०-२२ येत असतील तर तो बदलायला झाला. उलट चूकही होते. कारखाना बंद असताना कपॅसिटर कायम जोडलेले ठेवले तर पॉवर फॅक्टर लीडमध्ये, म्हणजे मोटरींच्या लॅगच्या उलट दिशेला जातो, आणि केव्हीएएचच्या हिशेबात लॅग आणि लीड दोन्ही धरले जातात. पावसाळ्यात कुलूप लावताना कपॅसिटरचा स्विच पाडायचा, हे मुकादमाला सांगून ठेवा.

एका महिन्याचा आकडा, बारा महिन्यांचा भार

आता जुलैच्या बिलाकडे येऊ. मीटरने नोंदलेली मागणी आणि बिलाला धरलेली मागणी एकच नसते. उच्चदाब ग्राहकांसाठी आयोगाच्या दर आदेशांत बरीच वर्षं असं सूत्र राहिलं आहे की पुढच्या तीन आकड्यांपैकी जो मोठा तो बिलाला धरायचा. पहिला, त्या महिन्यात सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत नोंदलेली कमाल मागणी. दुसरा, मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वाधिक बिलिंग मागणीचे ७५ टक्के, करार मागणीच्या (कंपनीशी करारात ठरलेल्या कमाल मागणीच्या) मर्यादेत. तिसरा, करार मागणीचा ठरलेला टक्का. हा पूर्वी ५० होता, पुढच्या आदेशांत तो वाढवत नेला गेला. लघुदाबाला सूत्र सौम्य होतं. प्रत्यक्ष मागणीचे ६५ टक्के किंवा करार मागणीचे ४० टक्के, जे जास्त ते, आणि मागच्या महिन्यांची आठवण नाही. टक्के आणि तास आदेशागणिक बदलतात, म्हणून चालू दर आदेशातलं ‘बिलिंग मागणी’ हे पान स्वतः वाचणं टाळू नये.

बर्फ कारखान्याची करार मागणी २५० केव्हीए आहे आणि एप्रिलमध्ये २४० नोंदले गेले असं धरा. जुलैत पाण्याचा पंप आणि दिवे मिळून १५ केव्हीए. तरी दुसऱ्या कलमाने २४० चे ७५ टक्के, म्हणजे १८० केव्हीएचं बिल. हिशेबापुरता दर ५०० रुपये केव्हीए धरला तर महिन्याला ९०,००० रुपये, दोन महिन्यांचे १,८०,०००. एकही लादी न काढता.

करार मागणीची मर्यादा ओलांडली तर आणखी. एप्रिलमध्ये २८० केव्हीए लागले, तर मागणी आकार २८० वर लागतो आणि वरच्या ३० केव्हीएवर मागणी दराच्या १५० टक्के जादा. त्याच दराने २२,५०० रुपये दंड. पुढचे अकरा महिने तळ १८० चा २१० होतो, हे दुखणं दंडापेक्षा मोठं.

या ७५ टक्क्यांच्या बाजूनेही खरी बाजू आहे. रोहित्र आणि फिडर (उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी) पावसाळ्यात काढून ठेवता येत नाही, त्याचं कर्ज आणि देखभाल बारा महिने चालू असते. हे मान्य करूनही असं वाटतं की सूत्र बारमाही कारखाना डोळ्यासमोर ठेवून घडलं आहे. मासेमारी बंदी सरकारच लावते, ती तारीख आधीपासून माहीत असते, आणि त्याच महिन्यांत पावसाने पंखे-एसी कमी होऊन किनाऱ्यावरच्या फिडरवरचा भारही उतरतो. ज्या काळात यंत्रणेवर ताणच नाही त्या काळासाठी एप्रिलच्या मागणीचे तीन चतुर्थांश घेणं कलम ६२(३) मधल्या ‘वापराची वेळ’ या निकषाला धरून नाही.

हंगामी उद्योगाची वेगळी वर्गवारी दर आदेशांत आहे. वर्षाला जास्तीत जास्त नऊ महिने चालणाऱ्या उद्योगांसाठी. कापसाच्या जिनिंगबरोबर मीठ उत्पादकांचं नाव त्यात आहे आणि ज्यांचा वापर हंगामी आहे असे इतरही ती निवडू शकतात. ती आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत, म्हणजे जूनअखेरच्या आत निवडावी लागते. आंबा कॅनिंगला हे बसतं. मात्र युनिटचा दर सलग उद्योगापेक्षा जास्त ठेवला जातो, तेव्हा बारा महिन्यांची बिलं समोर ठेवून दोन्ही बाजूंनी हिशेब मांडा आणि मगच अर्ज करा. बर्फ कारखान्याला ती बसत नाही, कारण ऑगस्ट ते मे हे दहा महिने होतात. एका महिन्याने हुकणारी ही मर्यादा आयोगापुढे मांडण्यासारखी आहे.

आपली कमाल आणि फिडरची कमाल

आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. एका फिडरवर बर्फ कारखाना २४० केव्हीए, काजू कारखाना ९०, पर्यटकांची हॉटेलं मिळून १२०. बेरीज ४५०. पण काजूचे ड्रायर दुपारी चालतात, हॉटेलांचे एसी रात्री नऊला. दुपारी सगळे मिळून फिडरवर ३७० पेक्षा जास्त येत नाहीत. कंपनीला क्षमता ३७० ची लागते आणि मागणी आकार मात्र ४५० वर गोळा होतो. आयोग दर ठरवताना एकूण खर्च आणि एकूण मागणी यांचा भागाकार करतो, त्यामुळे कंपनीला जादा पैसे मिळतात असं नाही. पण ग्राहकाग्राहकांत वाटणी चुकते. ज्याची कमाल फिडरच्या कमालीच्या वेळी येते आणि ज्याची भलत्याच वेळी येते, दोघं सारखंच भरतात.

दिवसाच्या वेळेप्रमाणे दर आल्यावर हा पेच वाढला आहे. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत १४ जून २०२३ ला दुरुस्ती झाली. सौर तासांतला, म्हणजे दिवसा सौर वीज भरपूर असतानाचा, दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना ग्रिडच्या कमाल मागणीच्या तासांत किमान १.२ पट असावा, असं ती सांगते. बर्फ कारखान्याला हे वरदान आहे, कारण बर्फ साठवता येतो. दुपारी दोन्ही कॉम्प्रेसर चालवून संध्याकाळी बंद ठेवायचे, म्हणजे ग्रिडलाही हवं तेच. पण दोन कॉम्प्रेसर एकत्र चालले की त्याची स्वतःची कमाल मागणी वाढते आणि युनिटमध्ये वाचवलेले पैसे मागणी आकारात जातात. रात्री १० ते सकाळी ६ ची मागणी बिलातून वगळली गेली ती यंत्रणा तेव्हा मोकळी असते म्हणून. दुपारी सौर वीज जास्त होत असेल तर तोच तर्क तिथे लागतो. भार दुपारी हलवण्याआधी चालू आदेशात दुपारच्या मागणीचं काय लिहिलं आहे ते पाहा आणि दोन्ही बाजूंचे रुपये मोजा.

छपरावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांसाठी एवढंच, की पॅनेलने युनिट कमी होतात, मागणी क्वचितच. महिन्यात एका दुपारी अर्धा तास काळा ढग आला की पूर्ण भार तारेवर येतो आणि तो आकडा महिनाभर उभा राहतो.

मीटर तपासताना

स्मार्ट किंवा ट्रायव्हेक्टर मीटरमध्ये प्रत्येक अर्ध्या तासाची नोंद साठलेली असते, तिला लोड सर्व्हे म्हणतात. मागणीचा वाद असेल तर बिलावर वाद घालण्यात अर्थ नाही, लेखी अर्ज करून लोड सर्व्हे मागा. त्यात कमाल मागणीची तारीख आणि वेळ शोधा, त्या अर्ध्या तासाच्या आजूबाजूचे गट पाहा, कारखान्याच्या लॉगबुकशी जुळवा. मीटरचं घड्याळही पाहून घ्या. ते वीस मिनिटं पुढे असेल तर पहाटे पावणेसहाला संपलेला भार सहानंतर संपल्याचं दिसतं आणि रात्रीची मागणी दिवसात जाते.

त्यानंतर गुणांक, म्हणजे एमएफ. ११ केव्ही पुरवठ्यावर २०/५ चा सीटी (मीटरसाठी करंट लहान करणारं उपकरण) आणि ११०००/११० चा पीटी (मीटरसाठी दाब लहान करणारं उपकरण) असेल आणि मीटर ५ अँपिअर, ११० व्होल्टचा असेल तर गुणांक ४ गुणिले १००, म्हणजे ४००. मीटरवर मागणी ०.६०० दिसली तर खरी २४० केव्हीए. सीटीच्या पाटीवरचं गुणोत्तर आणि बिलावरचा गुणांक जुळतो का, हे जोडणी मिळाली त्या दिवशीच पाहायचं असतं. कमी गुणांकाने बिल कमी येत असेल तर गप्प राहण्यात शहाणपण नाही. हरियाणातल्या एका कारखान्याला १० ऐवजी ५ गुणांकाने काही वर्षं बिल गेलं होतं. नंतर मागितलेली फरकाची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑक्टोबर २०२१ च्या निकालात रद्द केली नाही. वीज कायद्याच्या कलम ५६(२) मधली थकबाकी वसुलीची दोन वर्षांची मुदत अशी चूक सापडल्यावर जादा मागणी करण्याच्या आड येत नाही असं म्हटलं.

लघुदाब सीटी मीटरवर एक सीटी उलटा जोडला गेला तर संतुलित भाराला मीटर तिसरा हिस्साच दाखवतो, एकाची तार सुटली तर दोन तृतीयांश. पावसाळ्यानंतर मीटरपेटीत ओल असेल, टर्मिनल हिरवं पडलं असेल तर लगेच लेखी कळवा. सील स्वतः तोडू नका. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे ६५० व्होल्टपर्यंत मीटर अचूकता वर्ग १.० किंवा त्याहून चांगला आणि त्यावर ३३ केव्हीपर्यंत ०.५एस किंवा त्याहून चांगला लागतो. मीटरच्या तोंडावर ते छापलेलं असतं.

वाचन खऱ्या वापराशी जुळत नाही अशी तक्रार केली तर वीज ग्राहक हक्क नियमांच्या फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनुसार कंपनीने पाच दिवसांत जादा मीटर लावून किमान तीन महिने तुलना करायची आहे. स्मार्ट मीटर बसल्यावर, बसण्याआधीच्या काळासाठी त्याच्या कमाल मागणीवरून दंड लावता येत नाही. कमाल मागणीवरून मंजूर भार वाढवायचा तर तो आर्थिक वर्षात किमान तीनदा ओलांडलेला असावा लागतो. ही दोन्ही वाक्यं २०२३ च्या दुरुस्तीत आहेत; अर्जात तिचा हवाला द्या.

कंपनीकडून समाधान झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं, आणि मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालाकडे. सूत्रच अन्यायकारक वाटत असेल तर मात्र मंच काही करू शकत नाही, ते बदलतं दरनिश्चितीच्या सुनावणीत. दर याचिका जाहीर झाली की हरकती मागवल्या जातात. तिथे ‘आकार फार आहे’ एवढं लिहून उपयोग नसतो. बंदर परिसरातल्या पाच-दहा बर्फ कारखान्यांनी मिळून दोन वर्षांचे लोड सर्व्हे जोडावेत, जून-जुलैचा फिडरचा भार मागून घेऊन शेजारी ठेवावा, आणि तीन ठोस मागण्या लिहाव्यात. पहिली, बंदीच्या महिन्यांत ७५ टक्क्यांचं कलम लागू नये. दुसरी, हंगामी वर्गवारीची मर्यादा नऊऐवजी दहा महिने व्हावी. तिसरी, पुरवठा खंडित झाल्यानंतरचे पहिले चार गट कमाल मागणीत धरू नयेत.